पाच टक्के निधीत एक गादीही बसते

ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावेत, असा शासनाचा आदेश आहे. आधी हे प्रमाण ३ टक्के होते, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आल्यावर ते वाढले. पण बऱ्याच गावांत होते काय, तर मार्च जवळ आला की यादी काढायची, रक्कम सगळ्यांत सारखी वाटायची आणि सह्या-अंगठे घेऊन विषय मिटवायचा. वाटणी सारखी झाली म्हणून कोणी बोलत नाही. गरज मात्र सारखी नसते.

त्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. त्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे नाव स्पष्ट आहे. मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणजे स्नायू झिजत जाण्याचा जन्मजात आजार. त्यातला ड्यूशेन हा प्रकार बहुतेक मुलग्यांना होतो. तीन ते पाच वर्षांचे पोरगे वारंवार पडू लागते, उठताना स्वतःच्या मांडीवर हात टेकत टेकत उभे राहते, पोटऱ्या मात्र फुगलेल्या दिसतात. घरचे म्हणतात, पाय चांगले भरलेत की! बाराव्या वर्षाच्या आसपास चालणे थांबते. मग हात, पाठ, छाती.

औषधांची चर्चा दिल्ली-मुंबईत चालते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात ड्यूशेनचे नाव आहे आणि त्यासाठी नेमलेल्या केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. तिथे जरूर जावे. पण तिथून परत आल्यावर रात्र काढायची ती गावातल्या घरातच, आणि त्या रात्रीचा विचार कोणत्याच फाइलीत नाही.

रात्रीची अडचण नीट समजून घ्या. मणक्याला मार लागून पाय गेलेल्या माणसाला कुठे रुतते, दुखते हे कळत नाही. मस्क्युलर डिस्ट्रॉफीत स्पर्श शाबूत असतो. खुबा रग लागून ठणकतो, टाच दुखते, कान उशीखाली मुडपला तरी कळते. फक्त कुशीवर वळता येत नाही. आपण झोपेत कितीदा कूस बदलतो याचा आपल्याला पत्ता नसतो. त्या पोराला प्रत्येक वेळी "आई" म्हणून हाक मारावी लागते. एका रात्रीत चार-पाचदा. आणि हीच माय सकाळी आठला कापूस वेचणीला जाते. हा विषय शेतीच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील, त्याला हे उत्तर.

आता अंथरुणाकडे येऊ. आपल्याकडे आजारी माणसाला बाजेवर टाकायची रीत आहे. या आजाराला बाज सगळ्यांत वाईट. मध्ये झोळ पडतो, अंग खड्ड्यात जाते आणि खड्ड्यातून वळवायला दोन माणसे लागतात. नुसत्या फळीवर वाकळ टाकली तर उलटे होते, खुबे आणि टाचा रुततात. पाहिजे ती सपाट, पक्की फळी आणि तिच्यावर दाबल्यावर पुन्हा वर येणारी गादी.

सेलू, मानवतची बाजारपेठ ज्या कापसावर उभी राहिली, त्या कापसाची गादी आपल्या जिल्ह्यात मिळणे अवघड नाही. देशी कापसाचा धागा आखूड आणि जाडसर. दबला तरी फुगतो. २००२ नंतर शिवार बीटी संकरित वाणांनी भरले, त्यांची रुई बारीक, ती कातायला चांगली पण लवकर बसते. म्हणून पिंजाऱ्याकडे जाताना देशी रुई मिळते का विचारा. गादी एकट्याची, चार बोटे जाड, टाके जवळ जवळ. वर्षातून एकदा तरी उसवून पिंजून घ्यायची, कडक उन्हात उलटीपालटी करायची. चालते-फिरते पोरगे असेल, स्वतः थोडे वळता येत असेल, तोवर ही गादी चांगली. परभणीच्या उन्हाळ्यात ती रेक्झिनच्या गादीसारखी पाठ भाजत नाही, हा आणखी फायदा.

स्वतः वळणे थांबले की मात्र कापसाने भागत नाही, कारण एकाच जागी सतत भार पडून तिथे गोळे होतात. मग खाली घट्ट फोम आणि वर दोनेक इंच मऊ फोम, असा दोन थरांचा पलंगपोस करावा. दुकानदार नुसती मऊ गादी दाखवून "साहेब, ढगावर झोपल्यासारखं वाटंल" म्हणतो. ती घेऊ नका. अंग जितके आत बुडते तितके वळवणे जड. अंग बुडून त्याचा साचा उमटतो तो मेमरी फोम तर उन्हाळ्यात आणखी सैल पडतो. दुकानात पोराला स्वतः झोपवून पाहा: कमरेखाली हात सहज इकडून तिकडे गेला तर गादी कडक, आणि कुशीवर करताना अंग अडकले तर जास्त मऊ.

तिसरा प्रकार हवेच्या गादीचा. छोटा पंप आळीपाळीने कप्पे फुगवतो आणि सोडतो, त्यामुळे भार एका जागी राहत नाही. पंपाला वीज अगदी थोडी लागते, घरच्या इन्व्हर्टरवर चालतो. पण आपल्याकडची वीज आपल्याला माहीत आहे, म्हणून ही गादी नेहमीच्या गादीवरच अंथरायची, हवा गेली तरी खाली आधार राहतो. काहींना तिची हालचाल नको वाटते, आधी आठ दिवस कोणाची मागून वापरून पाहावी. आणि गादी हवेची असली तरी कूस बदलून द्यावीच लागते.

बिनपैशाच्या दोन गोष्टी. जुने नऊवारी लुगडे चौपदरी करून कमरेखाली आडवे अंथरा. त्याची कड ओढून एकटी बाई पोराला वळवू शकते, हाताला धरून खांदा ओढायची गरज नाही. गुळगुळीत सॅटिनची चादर असेल तर कमी जोरात भागते. गुडघ्यांत एक उशी, पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. सकाळी डोके दुखत असेल, आडवे झाल्यावर धाप लागत असेल तर तो गादीचा दोष नव्हे, छातीचे स्नायू थकल्याची खूण आहे. डोक्याकडची बाजू उंच करा आणि डॉक्टरांना लगेच दाखवा.

हिशेब पाहा. ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न दोन लाख असले तर ५ टक्के म्हणजे दहा हजार. ती रक्कम वीस जणांत वाटली तर प्रत्येकी पाचशे, त्यात कोणाचेच काही होत नाही. त्याऐवजी यंदा एका घराला गादी, पुढच्या वर्षी दुसऱ्याला व्हीलचेअर, असा गरजेचा क्रम ग्रामसभेत ठरवावा. ओरड होईल, ती सरपंचांनी सोसावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (म्हणजे आपल्या जुन्या ग्रामसेवकांनी) ठरावात नुसते 'साहित्य' न लिहिता गादीचा प्रकार, माप आणि जाडी लिहावी. नाहीतर सगळ्यांत स्वस्त दरपत्रकाची गादी येते आणि सहा महिन्यांत तिची वाकळ होते. कुटुंबाने दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड तयार ठेवावे. नसेल तर आशाताईंना विचारून जिल्हा रुग्णालयात तपासणीला जावे.

कापसाची गादी भरायची असेल तर पावसाळ्याआधीच भरून घ्या. दमट रुई नीट पिंजली जात नाही.