हातातील घराचे दार

पूर्वी मनुष्याची पत्रे फडताळात, छायाचित्रे पेटीत आणि पैसा बँकेत असे. आज ही तिन्ही हातातील लहानशा स्मार्टफोनमध्ये येऊन बसली आहेत. तेव्हा चोराचे भयही घराच्या कडीकोयंड्यावरून फोनवर आले, तर त्यात नवल नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याची कल्पना करावी. मेहकरच्या बाजारात विकलेल्या सोयाबीनचे पैसे त्याच्या खात्यात नुकतेच जमा झाले आहेत. अशा वेळी ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून लग्नपत्रिका म्हणून एक फाइल येते. तो ती उघडतो. पत्रिका काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी फोन तापतो आणि मनात शंकेची पाल चुकचुकते: 'आपल्या फोनमध्ये कोणी शिरले तर नसेल?' परंतु लोक हसतील, घरची माणसे रागावतील, या विचाराने तो गप्प राहतो.

वास्तविक, फोन तापणे एवढ्यावरून चोरी ठरत नाही. बॅटरी जुनी झाली किंवा नेटवर्क क्षीण असले, तरी तसे घडते. पत्रिकेच्या नावाने आलेली एपीके फाइल हीच खरी धोक्याची खूण होय. ती पत्रिका नसून ॲप असते. तिला संदेश वाचण्याची परवानगी मिळाली, की बँकेचा ओटीपी परक्याच्या हाती पडतो. असा चोर दार फोडीत नाही. धन्याच्या हातूनच ते उघडवून घेतो.

मग फसणाऱ्यास मूर्ख म्हणावे काय? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या संगणक-यंत्रणेवर हल्ला करून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. जेथे बँकाही फसतात, तेथे एकट्या शेतकऱ्याने लाजावे कशाला?

शिवाय ही लाज महाग पडते. चोरलेला पैसा काही मिनिटांत या खात्यातून त्या खात्यात पळविला जातो. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास तो वाटेतच अडविला जाण्याचा संभव असतो. ग्राहकाने बँकेस कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ठरविले. यास्तव शंका येताच फोनचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला व पोलिसांना कळवावे, पासवर्ड बदलावेत आणि अनोळखी ॲप काढून टाकावे.

येथे घरातील मुलांचेही एक कर्तव्य आहे. आजोबांनी 'ही फाइल उघडू का?' असे दहा वेळा विचारले, तरी त्यांनी हसू नये. ज्या घरात विचारणाऱ्याला हसतात, त्या घरात माणसे विचारणे सोडून देतात. आणि चोराला नेमके हेच हवे असते.

अशी फाइल पुष्कळदा एका फोनमधून त्याच्या सर्व परिचितांकडे परस्पर जाते. म्हणून फसलेल्याने केलेली वाच्यता केवळ त्याच्या हिताची नसते. रात्री गावात चोर शिरला असता प्रथम ओरडणाऱ्यास कोणी भित्रा म्हणत नाही. त्याच्या हाकेनेच सारी आळी जागी होते.