तिथला पाऊस भिजण्याचा नाही

फेब्रुवारी लागला की नात्यागोत्यातले दोन-चार फोन ठरलेले. कुणाचा मुलगा रेडमंडला, कुणाची लेक बेलव्ह्यूला. "मार्चमध्ये सिएटलला चाललोय. ते ऑलिंपिकचं वर्षावन तू पाहिलंयस ना? मुलगा म्हणतो जुलैपर्यंत थांबा, आत्ता नुसता चिखल असेल." माझंही उत्तर ठरलेलं. मार्चअखेरीसच जा, जमलं तर एक रात्र तंबूतही काढा, पण भिजू नका.

पहिला भाग लोकांना आवडतो आणि दुसऱ्यावर हसतात. पावसाच्या जंगलात जायचं आणि भिजायचं नाही? मग जायचं कशाला? म्हटलं, हे फोनवर पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढावं.

मी शाळेत भूगोल शिकवत असे. वर्षावन म्हटलं की फळ्यावर आधी विषुववृत्ताची रेघ यायची, मग ॲमेझॉन आणि कांगोची खोरी, उष्ण आणि दमट हवा. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, उत्तरेला ४८ अंशांच्या आसपास, थंड हवेतलं वर्षावन असतं हे मुलांना सांगायची वेळ क्वचितच येई. हा भाग ऑलिंपिक नॅशनल पार्कमध्ये येतो. पार्क १९३८ साली झालं, १९८१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. तिथून पश्चिमेला समुद्राकडे उतरणाऱ्या होह, क्वीट्स, क्विनॉल्ट या नद्यांच्या खोऱ्यांत हे जंगल आहे. पॅसिफिकवरून येणारे ओले वारे ऑलिंपिक पर्वताला अडतात आणि वर चढताना पाऊस टाकतात. आपला सह्याद्री करतो तेच. होहच्या खोऱ्यात वर्षाला साधारण ३५०० मिलिमीटर पाऊस, आणि डोंगराच्या पलीकडे सेक्विम नावाच्या गावात जेमतेम ४०० मिलिमीटर. महाबळेश्वर आणि माण-खटाव डोळ्यांसमोर आणा, म्हणजे समजेल.

आता रत्नागिरीचा पाऊस घ्या. तोही वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वरच. म्हणजे पाण्याच्या मापात रत्नागिरी आणि होह शेजारीच बसतात. फरक आहे तो ऋतूचा आणि तापमानाचा. आपला पाऊस जून ते सप्टेंबर, तिथला मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल-मे. उन्हाळा तिथे बराचसा कोरडा. आणि रत्नागिरीत जुलैच्या पावसात पारा पंचवीस-सव्वीसच्या घरात असतो, होहला मार्चमध्ये दिवसा आठ-दहा अंश आणि रात्री शून्याच्या जरासा वर. माझं सगळं म्हणणं या एका फरकावर उभं आहे.

आधी मार्चच का, ते सांगते. आमच्या लेकीकडे असताना २०२४ साली मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही गेलो होतो. सिएटलहून गाडीनं चारेक तासांचा रस्ता. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पार्किंग भरलं की एक गाडी बाहेर पडेल तेव्हा एक आत सोडतात, लोक तास तास ताटकळतात. आम्हाला पार्किंगमध्ये हव्या त्या ठिकाणी गाडी लावता आली. स्प्रूस आणि हेमलॉकची सत्तर-ऐंशी मीटर उंचीची झाडं, त्यांना बारमाही हिरवा पाला. पण मध्ये मध्ये मोठ्या पानांचे मेपल असतात, ते मार्चमध्ये निष्पर्ण. त्यामुळे उजेड खाली पोचतो आणि मेपलच्या फांद्यांवरून लोंबणारं शेवाळ पाण्यानं टम्म फुगलेलं दिसतं. ऑगस्टमध्ये हेच शेवाळ बरंच सुकून पिवळट पडतं. कोकण पाहायला कुणी पाहुण्याला चैत्र-वैशाखात नेलं आणि सांगितलं, "बघ हं, इथे फार हिरवं असतं," तसा तो प्रकार होईल.

या शेवाळाची एक गंमत. नलिनी नाडकर्णी या वनस्पतिशास्त्रज्ञ बाई दोर लावून या मेपलवर चढल्या आणि त्यांना आढळलं की झाड आपल्याच फांदीवरच्या शेवाळात वरच्या वर मुळं सोडतं आणि तिथलं अन्नपाणी घेतं. १९८१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. नाव वाचून तुम्हाला वाटलं ते बरोबर आहे, वडील भारतातले. २०१५ मध्ये त्याच भागात काम करताना त्या झाडावरून सुमारे पन्नास फूट खाली पडल्या, जबर जखमी झाल्या, आणि बऱ्या होऊन पुन्हा झाडावर चढल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे आडवे ओंडके. पडलेल्या झाडाच्या अंगावर नवी रोपं रुजतात, कारण खाली जमिनीवर त्यांना जागाच मिळत नाही. शंभर-दोनशे वर्षांनी ओंडका कुजून जातो, पण झाडं एका रांगेत उभी राहतात, प्रार्थनेला उभ्या केलेल्या वर्गासारखी. मुळांखाली पोकळी असते, तिथे पूर्वी ओंडका होता. आमचा नातू त्या पोकळीत वाकून बघत होता. शिवाय रूझवेल्ट एल्क, आपल्या सांबराहून बरेच मोठे. हे पार्क व्हायला त्यांना वाचवणं हे एक मोठं कारण होतं. त्यांच्यापासून निदान ५० यार्ड लांब राहायचा नियम आहे, फोटोसाठी जवळ जाऊ नका.

आणि शांतता! गॉर्डन हेम्टन नावाच्या ध्वनिमुद्रकानं २००५ साली इथेच, व्हिजिटर सेंटरपासून सव्वातीन मैलांवर, एका शेवाळलेल्या ओंडक्यावर छोटासा लाल दगड ठेवला. एक चौरस इंच जागा तरी माणसाच्या आवाजापासून मुक्त राहावी म्हणून. तिथवर आम्ही गेलो नाही, पण मार्चमध्ये त्याचं म्हणणं पार्किंगपासून दहा मिनिटांवरही पटतं.

आता भिजण्याबद्दल.

आपण मराठी माणसं पावसावर फार प्रेम करतो आणि ते स्वाभाविक आहे. चार महिने होरपळल्यावर तो येतो. पहिल्या पावसात भिजायचं, धबधब्याखाली उभं राहायचं, वर्षासहल काढायची, घरी येऊन गरम भजी खायची. भिजणं म्हणजे आपल्याकडे आनंदच. फार तर सर्दी होते. हेच प्रेम आपण सामानात भरून तिकडे नेतो. होहच्या पार्किंगमध्ये मी एक कुटुंब पाहिलं, भाषेवरून आपलंच. आजी सुती साडीवर स्वेटर घालून, पायात कापडी बूट. बाबा जीन्समध्ये. दोन मुलं हुडीमध्ये, तीही सुतीच. सगळे पावसात हात पसरून फोटो काढत होते. छान दिसत होते आणि मला पाहवत नव्हतं.

पाणी हवेच्या साधारण पंचवीस पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि तो ओला बोळा अंगाला चिकटून राहतो. वर वारा असला की झालंच. शरीराचं आतलं तापमान ३७ वरून ३५ च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्यासाठी बर्फ लागत नाही. पाच-सात अंशांचा पाऊस पुरतो. उलट कोरड्या बर्फाळ थंडीला माणूस घाबरून जय्यत तयारीनं जातो आणि रिमझिम पावसाला काही समजत नाही. आधी कुडकुडायला होतं. मग बोटं वळेनाशी होतात, बोलणं जड होतं, पाय अडखळतात, विचार मंदावतो. आणि अंग गार असूनही कुडकुडणं थांबलं, तर बरं वाटतंय असं समजू नका, ती धोक्याची खूण आहे.

यात दोन प्रकारच्या माणसांना धोका जास्त. लहान मुलं, कारण त्यांचं अंग लवकर गार पडतं. आणि आम्ही म्हातारी माणसं. वय झालं की थंडी जाणवतेच उशिरा, आणि अंग नीट कुडकुडतही नाही.

पण म्हाताऱ्यांचा खरा धोका मला शरीराहून दुसरीकडेच दिसतो. आम्ही बोलत नाही! मुलानं रजा टाकलेली असते, सुनेनं पहाटे उठून डबे केलेले असतात, नातवंडं खुशीत असतात. अशा वेळी "मला थंडी वाजतेय, परत फिरूया" म्हणायचं जिवावर येतं. आपल्यामुळे सगळ्यांचा विरस नको. म्हणून "मला काऽही होत नाही, तुम्ही चला" हे आमचं पालुपद. घरच्या दिवाणखान्यात ते खपतं. होहच्या जंगलात मोबाईलला रेंज नाही, आणि अडखळत चालणारा, कमी बोलणारा म्हातारा मुलांना नुसता दमलेला वाटतो.

आमच्याकडे हेच झालं. ह्यांचं "मी ठीक आहे" चालू होतं. लेकीनं पाहिलं की ह्यांना जॅकेटची चेन लावता येत नाहीये, दोनदा प्रयत्न करून त्यांनी ती तशीच सोडली. ती काही बोलली नाही, सरळ सगळ्यांना मागे वळवलं. गाडीत कोरडे कपडे, हीटर, थर्मासमधला गोड चहा. अर्ध्या तासानं हे म्हणाले, "थोडं अजून गेलो असतो तर चाललं असतं." लेक म्हणाली, "बाबा, उद्या जाऊ." आणि दुसऱ्या दिवशी खरंच गेलो. मला वाटतं, आईवडिलांना जंगलात न्यायचं तर त्यांना "बरं वाटतंय ना?" असं विचारू नका. उत्तर "हो"च येणार. त्यांची बोटं बघा. चेन लावायला सांगा, बिस्किटाचा पुडा फोडायला द्या.

कपड्यांचं म्हणाल तर ही अक्कल आपल्याला परकी नाही. पावसात मेंढरांमागे हिंडणारा धनगर सुती चादर घेत नाही, घोंगडीची खोळ घेतो. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब देते. आणि लावणी करणाऱ्या बाया डोक्यापासून पाठीवर इरलं घेत, म्हणजे पाणी अंगाला लागूच नये. होहला नेमकं हेच करायचं. अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक, वर खरंच पाणी न शिरणारं जॅकेट आणि विजार, लोकरीचे मोजे, टोपी. साडी, जीन्स आणि सुती सलवार त्या दिवशी घरी ठेवा. एक कपड्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि तो फक्त झोपताना काढा, एरवी कितीही मोह झाला तरी नाही.

तंबू ठोकायचा तर गाडी जवळ राहील अशा जागी, आमच्या वयाला तेच बरं. वर वाळकी फांदी नाही ना ते पाहून घ्या. नदीच्या गोट्यांवर सपाट, छान जागा दिसते, पण वर पाऊस पडला आणि बर्फ वितळलं की रात्रीत पाणी चढतं. तंबूच्या खालचं प्लॅस्टिक बाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर तेच पाणी गोळा करून तुमच्याखाली आणतं. पिसांची स्लीपिंग बॅग ओली झाली की निकामी, त्यापेक्षा सिंथेटिक घ्या. तंबूची जाळी थोडी उघडी ठेवा, नाहीतर श्वासाचीच वाफ छतावर जमून पहाटे अंगावर टपकते. आणि लाडवांचा डबा तंबूत ठेवू नका. काळी अस्वलं वसंतात जागी होतात आणि त्यांना बेसन-तुपाचा वास आपल्याआधी येतो.

चालायला व्हिजिटर सेंटरजवळच्या दोन वाटा पुरेत. हॉल ऑफ मॉसेस सव्वा किलोमीटरच्या आसपास, स्प्रूस नेचर ट्रेल दोनेक किलोमीटर. होह नदीची मोठी वाट पुढे सतराएक मैल ग्लेशियर मेडोजपर्यंत जाते, पण मार्चमध्ये वरच्या भागात बर्फ असतो आणि हिवाळी वादळांत पडलेली झाडं वाटेत आडवी असतात. बुळबुळीत ओंडक्यावरून चढून जाणं तरुणांनाही सोपं नाही. जंगलात संध्याकाळही लवकर होते. निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती जरूर पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये पुरानं होहचा रस्ताच वाहून गेला, आणि राज्य सरकारचा निधी व लोकांच्या देणग्यांतून तो दुरुस्त होऊन मे २०२५ मध्ये खुला झाला. तो सबंध मार्च जंगल होतं, पण गाडीनं जायला वाट नव्हती.

काही जण म्हणतील, एवढी यादी करून जायचं तर घरात बसून टीव्हीवर बघितलेलं काय वाईट? सत्तरी ओलांडलेल्यांना असं सांगणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. आम्हाला गाडीत बसवून "तुम्ही इथेच थांबा, आम्ही फोटो दाखवतो" म्हणणं जितकं चूक, तितकंच आम्हाला स्वेटरवर पावसात उभं करणं चूक. योग्य कपडे द्या, दोन किलोमीटर चालवा, वेळेवर मागे वळवा. आणि आजी-आजोबांनो, थंडी वाजली की पहिल्यांदा वाजेल तेव्हाच बोला. नातवंडांचा विरस अर्धा तास टिकतो, हे मी पाहिलेलं आहे.

असो. यंदा जाणाऱ्यांनी लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड जास्त घ्या. भजी घरी आल्यावर करू, पाऊस तिथेही बाहेर पडतच असेल.