बाळंतपण हा अपघात नव्हे

आखाती देशांत मजुरीसाठी जाणाऱ्या भारतीय कामगारांचा विमा उतरविणे बंधनकारक करणारी ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ २००३ साली सुरू झाली आणि २०१७ साली तिची फेररचना झाली. दहावी उत्तीर्ण नसलेल्या ज्या कामगारास परदेशगमनापूर्वी सरकारी परवानगी घ्यावी लागते, त्याला दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांच्या हप्त्यात १० लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. स्त्री-कामगारांच्या बाळंतपणासाठी ३५ हजार आणि शस्त्रक्रिया करावी लागल्यास ५० हजार रुपयांची तरतूदही तीत आहे. तरतूद स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु ती कोणाच्या पदरात पडते, हे तपासावयास हवे.

याच वर्गातील स्त्रीला आखाती देशांत कामासाठी जावयाचे असेल, तर तिचे वय किमान ३० असावे लागते. तिच्या संरक्षणासाठी केलेल्या या नियमाचा परिणाम नेमका उलट होतो. तिशीच्या आतील गरजू स्त्रिया दलालांमार्फत भेटीच्या व्हिसावर जातात; सरकारी नोंदीत त्यांचे नाव नसते, म्हणून विमाही नसतो. ज्या रीतसर जातात त्यांना वैद्यकीय तपासणीस सामोरे जावे लागते, आणि तीत गर्भवती स्त्री अपात्र ठरते. पुढे घरकामगार म्हणून ती एकाच मालकाशी बांधलेली राहते. काही आखाती देशांत विवाहबाह्य गर्भधारणा हा आजही गुन्हा आहे. अशा ठिकाणी रुग्णालयाच्या दारापेक्षा तुरुंगाचेच दार तिला जवळचे वाटल्यास नवल नाही. भारतीय वकिलातीने प्रमाणित केलेली कागदपत्रे सादर करून तिने परदेशातील बाळंतपणाचा खर्च मागावा, ही अपेक्षा मग क्रूर थट्टाच ठरते.

दुसरीकडे दुबईच्या २०१३ च्या कायद्याने प्रत्येक रहिवाशास आरोग्यविमा सक्तीचा केला आणि किमान विम्यातही बाळंतपणाचा खर्च अंतर्भूत केला. कामगाराच्या विम्याचा हप्ता त्याच्या वेतनातून कापण्यास मालकाला मनाई आहे. ही निश्चितच प्रगती होय. परंतु पत्नीच्या विम्याची जबाबदारी कायदा मालकावर टाकत नाही. ती तिला सोबत आणणाऱ्या पतीवर पडते. आणि पत्नीला संयुक्त अरब अमिरातीत आणावयाचे तर पतीचे मासिक वेतन किमान ४ हजार दिरहम, अथवा निवासासह ३ हजार दिरहम असावे लागते. मजूर-छावणीत राहणारा बांधकाम-कामगार बहुधा या रेषेच्या खालीच असतो. त्याची पत्नी रत्नागिरीच्या वा रायगडच्या खेड्यात बाळंत होते, आणि भारतीय योजनेतील प्रसूतिलाभ केवळ स्थलांतरित स्त्रीपुरता असल्याने तिच्या वाट्याला काहीच येत नाही. म्हणजे प्रसूतीचा विमा वेतनाच्या पायरीवर अवलंबून राहतो.

हे सारे खासगी विमा-बाजारावर सोपवावे, असे सुचविणारे अर्थपंडितही आहेत. त्यांना विम्याच्या प्राथमिक तत्त्वाचे विस्मरण झालेले दिसते. आग वा अपघात अनपेक्षित असतो; बाळंतपण बहुधा अपेक्षित असते. विमा ऐच्छिक ठेवला की ज्यांना मूल हवे आहे तीच कुटुंबे तो घेतात, हप्ता चढत जातो आणि कंपन्या दहा-बारा महिन्यांच्या प्रतीक्षाकाळाची अट घालून स्वतःचा बचाव करतात. सुस्थित परदेशस्थांसाठी असलेल्या महागड्या विमा-योजनांतही ही अट सर्रास आढळते. यावर उपाय एकच : स्त्री-पुरुष, विवाहित-अविवाहित अशा सर्वांवर खर्चाची विभागणी करणारा सक्तीचा सामाजिक विमा.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाचे समर्थन करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित असल्याचे सांगून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, अशी भूमिका घेतली होती. मालकालाही त्यांनी जबाबदारीतून मुक्त केले नव्हते. १९२९ साली तो कायदा झाला. गिरणीतील स्त्रीसाठी जे तत्त्व तेव्हा मान्य झाले, ते आखातात राबणाऱ्या स्त्रीला आणि तेथे राबणाऱ्या मजुराच्या पत्नीला नाकारण्याचे कोणते कारण असू शकते?

म्हणून मागण्या स्पष्ट असावयास हव्यात. योजनेतील प्रसूतिलाभ कामगाराच्या मायदेशी राहणाऱ्या पत्नीलाही मिळावा. वयाची अट रद्द करून सर्व स्त्रियांना नोंदणीच्या आणि विम्याच्या कक्षेत आणावे. आखाती देशांशी होणाऱ्या श्रमविषयक करारांत घरकामगार स्त्रीच्या प्रसूतीचा खर्च आणि तिची सुरक्षितता यांचा स्पष्ट उल्लेख व्हावा. कोकणातील आणि गोव्यातील कार्यकर्त्यांनी आखातात माणसे गेलेल्या घरोघरी जाऊन ही योजना समजावून सांगितली पाहिजे आणि तिच्यातील उणिवांची नोंदही केली पाहिजे. परदेशातून येणारा पैसा देशाच्या गंगाजळीत हक्काने जमा होतो. तो पाठविणाऱ्यांच्या घरातील बाळंतपणही देशाने आपल्याच हिशेबात धरले पाहिजे.