त्यांची नोंद आपण ठेवू या



१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाचा कडा खचला आणि त्याच्या पायथ्याशी असलेली ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी मातीखाली गेली. त्याआधीच्या तीन दिवसांत तिथे ४९९ मिलिमीटर पाऊस पडला होता. वाडीत घरं ४८, माणसं २२८. खाली चौकचा बाजार, मोरबे धरणाचं पाणी, पलीकडे मुंबई-पुण्याचा हमरस्ता. वर जायला मात्र पायवाट. मदतीला गेलेली माणसं त्याच निसरड्या वाटेने चढली. यंत्रं वर नेता येईनात, तेव्हा कुदळ-फावड्यांनी माती उपसली. २७ जणांचे मृतदेह निघाले, ५७ जण सापडलेच नाहीत. २३ जुलैला शोध थांबवला गेला आणि बेपत्ता असलेल्यांना मृत धरायचं ठरलं. म्हणजे ८४ गेले, १४४ राहिले. ही वाडी धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारने दुसऱ्याच दिवशी विधानसभेत सांगितलं.

आपल्याच जिल्ह्यात २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये असंच गेलं होतं. त्याआधी ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण. दर वेळी पुढारी येतात, मदत जाहीर होते, पुनर्वसनाची चर्चा होते. ती व्हायलाच हवी, आणि त्या प्रश्नावर आपण वेगळं लिहीत आलो आहोत, पुढेही लिहू. या अंकात मला वेगळी गोष्ट मांडायची आहे. मेलेल्यांची यादी लागते, ती आकडा होते आणि आकडा हळूहळू विसरला जातो. यादीतली बाई कोण होती, दिवसभर काय करत होती, तिला काय येत होतं, तिच्या नावावर काय होतं आणि काय असायला हवं होतं, हे कुणीच लिहून ठेवत नाही.

तुम्ही म्हणाल, गेलेल्या माणसाचं लिहून काय होणार? जिवंत बायांचे प्रश्न का थोडे आहेत? कर्जत-खालापूरच्या वाड्यांत काम करताना मला जे दिसतं त्यावरून सांगते, मेलेल्या बाईची नोंद आणि जिवंत बाईचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

आधी दप्तराचंच पाहू. एखाद्या वाडीवर संकट आलं की रात्री घरात कोण होतं हे दप्तरावरून कळत नाही. रेशनकार्डावर नाव असलेली सून माहेरी गेलेली असते. लग्न झालेली, म्हणून नाव कमी केलेली लेक बाळंतपणाला आलेली असते. मोठी पोरं आश्रमशाळेत, घरचा माणूस कामावर. मग शेवटी वाडीतल्याच माणसांना विचारावं लागतं. कोणाच्या घरी पाहुणी होती, कोणती पोर आजीकडे झोपायला गेली होती, हे बायांना ठाऊक असतं. वाडीची खरी खानेसुमारी त्यांच्या डोक्यात असते. आणि ज्या बाया हे सगळं डोक्यात ठेवतात, त्याच गेल्या की त्यांच्याबरोबर हा हिशोबही जातो.

गेल्या वर्षभरात आमच्या कामाच्या भागातल्या तीन बाया गेल्या. त्यांच्या घरच्यांचा मान राखून मी नावं आणि वाड्या लिहीत नाही.

एक ठाकर वाडीतली सुईण. सत्तरीच्या पुढची असेल, नक्की वय तिलाही माहीत नव्हतं. आज वाडीत ज्या बाया आया झाल्या आहेत, त्यातल्या निम्म्यांना जगात तिनेच आणलं. पुढे आशाताई आल्या, बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली. तरीही कळा सुरू झालेल्या पोरीबरोबर, जीप मिळेपर्यंत, डोंगर उतरून चालत जायची ती हीच. मूल आडवं आहे हे हाताने ओळखायची आणि ‘इथं नको, कर्जतला न्या’ असं वेळेवर सांगायची. मृत्यूच्या नोंदीत तिच्या धंद्याच्या रकान्यात लिहिलं गेलं, ‘घरकाम’.

दुसरी कातकरी. दिवाळी झाली की उचल घेऊन नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायची, पावसाच्या तोंडावर परत यायची. हजार विटांमागे दर ठरलेला. माती कालवायची, विटा थापायच्या, वाहायच्या, कामं दोघांची. हिशोबाची वही मात्र एकट्या नवऱ्याच्या नावाची. भट्टीवरच ताप अंगावर काढून ती गेली. मरण जिथे घडतं तिथल्याच ग्रामपंचायतीत त्याची नोंद व्हावी लागते. २१ दिवसांच्या आत कळवलं तर सोपं असतं. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावं लागतं. भट्टी दुसऱ्या जिल्ह्यात. तिथल्या पंचायतीने म्हटलं, बाई आमच्या गावची नाही. इथल्या पंचायतीने म्हटलं, बाई आमच्याकडे मेली नाही. तिच्या पोरांकडे आज आईच्या मरणाचा कागद नाही. भट्टीवर ती किती वर्षं राबली याचा तर कधीच नव्हता.

तिसरी नेरळ आणि कर्जतच्या बाजारात रानभाजी विकायची. शेवळं, भारंगी, कुळू, कंटोळी. शेवळं घशाला खाजतात. ती काकडांबरोबर कशी शिजवायची हे शहरातल्या गिऱ्हाइकाला ती शंभरदा समजावून सांगायची. कोणत्या ओढ्याला काय, कधी उगवतं आणि पुढच्या वर्षासाठी कंद किती शिल्लक ठेवायचा, ही तिची विद्या. वाडीतली हातभट्टी बंद करायला निघालेल्या मोर्चात ती पहिल्या रांगेत होती. त्या दिवसाचा फोटो कुठल्या वर्तमानपत्रात छापून आला नाही. भट्टी मात्र त्यानंतर पुन्हा लागलेली नाही.

या तिघी काही थोर म्हणून मी सांगत नाही. अशा बाया प्रत्येक वाडीत आहेत, म्हणूनच सांगते.

आपल्या भागाला स्मरण करता येत नाही असं नाही. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात माथेरानचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांशी लढताना हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी लोक डोंगर चढून सिद्धगडावर जातात. शेतकऱ्याला सावकारापुढे हात पसरायला लागू नये म्हणून कोतवालांनी धान्यकोठ्या उभ्या केल्या होत्या, हेही सांगितलं जातं. हे स्मरण टिकलं याचा अभिमानच आहे. पण मनात येतं, महिनोन्‌महिने रानात लपलेल्या त्या माणसांच्या भाकरी कुणीतरी भाजल्या असतील, निरोप कुणीतरी पोचवले असतील. त्यातल्या बायांची नावं आज कुणाला विचारायची? ज्यांना ठाऊक होती तीही माणसं आता गेली. लिहिलं नाही तर काय होतं, याचा दाखला आपल्या घराजवळच आहे.

आता हक्कांचं. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यामुळे आदिवासी बाईच्या वाट्याचा प्रश्न आला की ‘आमच्यात रूढी नाही’ एवढं म्हणून तिला बाहेर ठेवलं जातं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितलं की बाईला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसेल तर तिला समान वाटा मिळायला हवा. हा खटला नीट पाहण्यासारखा आहे. दावा लावला होता गेलेल्या बाईच्या मुलांनी. आपल्या आजोबांच्या जमिनीत आपल्या आईचा वाटा होता, तो द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे मेलेल्या आईचं माहेर, तिचा बाप, तिची भावंडं, हे सगळं कोर्टात मांडावं लागलं. आपल्या वाड्यांतल्या किती पोरांना आईचं माहेरचं नाव आणि तिच्या बापाची जमीन सांगता येईल?

वनहक्क कायदा २००६ चा. त्यात लग्न झालेल्यांचा दावा मंजूर झाला की पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा असतो. प्लॉट कसणारी बाई गेली आणि तिचं नाव कागदावर आलंच नव्हतं, तर ती तिथे राबत होती हे सांगणारं कुणी उरत नाही. पुढे घरात दुसरी बाई आली की पहिलीच्या मुलींचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आईचं नाव लावायचा निर्णय घेतला. आईचं नाव कागदावर आलं याचा आनंद आहे. नावामागची बाई तिथे यायची आहे.

आणखी एक अवघड गोष्ट आहे, ती टाळून चालणार नाही. सगळी मरणं डोंगर कोसळून किंवा तापाने येत नाहीत. ‘विहिरीत तोल गेला’, ‘चुलीचा भडका उडाला’, ‘औषध समजून फवारणीचं प्यायली’, अशी वाक्यं आपण किती ऐकली आहेत. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत असं झालं तर कायदा त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. पण शेजारणींना आठवतं ते पहिल्या दोन दिवसांत. दहाव्याला सगळ्यांची जबानी एकसारखी झालेली असते. तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहिलेलं एक पान अशा वेळी पोलीस ठाण्यात आपल्या बोलण्याला आधार देतं.

म्हणून माझं गटांना सांगणं आहे. प्रत्येक गटाने एक वही घालावी, शंभर पानी, साधी. वाडीतली बाई गेली की दिवसकार्य आटोपल्यावर दोघीतिघींनी तिच्या घरी बसावं. घरच्यांची संमती घ्यावी. माहेरचं आणि सासरचं नाव, गाव, आईचं नाव लिहावं. कोणती कामं केली, कुठे, किती वर्षं, मजुरी कोणाच्या हातात पडायची हे लिहावं. काय येत होतं: औषध, बी राखणं, बाळंतपण, गाणी. आगरी गावांत धवले म्हणणारी धवलारीण गेली असेल तर तिच्या तोंडचं काय काय कुणाला येतं तेही विचारावं. जमीन, प्लॉट, घर, बचतगटातले पैसे कोणाच्या नावावर होते ते लिहावं. कशाने गेली, दवाखान्यात न्यायला किती वेळ लागला, वाहन होतं का. आणि मृत्यूची नोंद झाली का. नसेल तर त्याच आठवड्यात कोण जाणार.

जिला लिहिता येत नाही तिने सांगावं, शाळेत जाणाऱ्या पोरीने लिहावं. पोरीलाही आपल्या वाडीची माहिती होईल. भांडणतंटा, मारहाण, घरातलं गुपित कानावर आलं तर ते या वहीत नको. त्यासाठी वेगळं पान, वेगळ्या जागी, आणि ते कुणाला दाखवायचं हे गटाने मिळून ठरवावं. गेलेल्या बाईची अब्रू चव्हाट्यावर मांडायला आपण बसलेलो नाही. तिला देवी करायचीही गरज नाही. ती तापट होती तर तापट लिहा, चिकट होती तर चिकट. जी होती तशी ती आठवली पाहिजे.

आणि नुसतं मरणाची वाट बघत बसू नका. वाडीतली जी सगळ्यात म्हातारी आहे तिच्याकडे या पावसाळ्यातच जाऊन बसा. लावणी आटपली की हाताला थोडी उसंत असते.

डिसेंबरअखेर ज्या गटांच्या वह्या सुरू झालेल्या असतील त्यांनी आम्हाला कळवावं. त्यातली काही पानं, नावं ठेवायची की गाळायची हे घरच्यांना विचारून, पुढच्या वर्षीच्या पहिल्या अंकात छापू. मूळ वही आमच्याकडे पाठवू नका, नक्कल पाठवा. वही वाडीतच राहू दे, आणि पंचायतीत जाताना ती पिशवीत ठेवा.

– संपादक मंडळासाठी