हाकेला ओ देईल असे नाव

घरी पिल्लू आणायचे ठरले, की पहिला वाद नावावरून होतो. मुलांना चित्रपटातले नाव हवे असते, आजोबांना ‘मोती’खेरीज दुसरे पटत नाही, आणि कोणीतरी मोबाइलवर शंभर नावांची यादी उघडून बसते. यादी अवश्य पाहावी. परंतु कुत्र्याचे नाव मिरवण्यासाठी नसते, ती हाक असते, हे आधी ध्यानात घ्यावे. फाटक उघडे राहिले आणि पिल्लू भर रस्त्याकडे धावले, किंवा कोपऱ्यात उंदरांसाठी ठेवलेले विषारी औषध ते हुंगू लागले, अशा वेळी आपल्या हाती साखळी नसते. हाती असते ती केवळ एक हाक, आणि त्या हाकेसरशी त्याने मान वळवायला हवी.

कुत्र्याची शब्द शिकण्याची कुवत लहान नाही. अमेरिकेतील चेसर या बॉर्डर कोली जातीच्या कुत्रीने १०२२ खेळण्यांची नावे आत्मसात केली होती. तिच्यावरील शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थात, चेसर विरळाच. बुडापेस्टच्या संशोधकांनी घरगुती कुत्र्यांच्या मेंदूतील विद्युत्-लहरी तपासून २०२० मध्ये जे मांडले, ते आपल्याला अधिक उपयोगी आहे. ओळखीची आज्ञा आणि अगदी निराळा निरर्थक शब्द यांतील भेद त्या कुत्र्यांना कळत होता. पण आज्ञेतला एखादाच ध्वनी बदलला, तर तो भेद जाणवल्याचे दिसले नाही.

आता आपल्या घरातल्या रोजच्या आज्ञा आठवून पाहा : बस, ये, थांब, सोड, नको. ज्या घरात ‘बस’ म्हणायचे, त्या घरात ‘बॉस’ हे नाव नसावे. ‘नको’च्या शेजारी ‘निको’ आणि ‘सोड’च्या शेजारी ‘सोडा’ नसावा. मुलगी मिनी असेल, तर कुत्रीला विनी म्हणू नये. आणखी एक अडचण खास आपली आहे. ‘राजा’, ‘सोन्या’, ‘बाळा’ हे शब्द आपण नातवंडांना, भाचरांना, प्रसंगी भाजीवाल्याच्या पोरालाही उद्देशून वापरतो. दिवसभर भलत्यालाच उद्देशून कानी पडणारा शब्द कुत्र्याने आपला का मानावा?

दोन अक्षरांचे, शेवटी दीर्घ स्वर असलेले नाव लांबवून हाकारता येते. शेरू, काळू, चंपा ही जुनी नावे उगाच टिकलेली नाहीत. भारदस्त नावांची हौस असेल, तर तिचे पुढे काय होते तेही पाहावे : पहिल्या दिवशीचा ‘विश्वामित्र’ तिसऱ्या दिवशी ‘विशू’ होतो आणि आठवड्याभरात ‘विश्या’. मग हाकेचे रूपच आधी ठरवलेले काय वाईट? ‘मोती’ की ‘मोत्या’, यावर घराचे एकमत असावे. सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला फिरवण्याचे काम पुष्कळदा ज्येष्ठांकडे येते, म्हणून कवळी लावलेल्या आजींना आणि ‘र’ न येणाऱ्या नातवाला ते उच्चारता येते का, हे दोघांकडून म्हणवून घ्यावे. शेजाऱ्याला, कोणाच्या जातीला वा धर्माला टोमणा मारणारे नाव मात्र विनोद म्हणूनही ठेवू नये. ते दररोज जिन्यातून ओरडायचे असते.

नाव ठरले, की ते शिकवणे आले. शांत खोलीत एकदाच नाव उच्चारावे. पिल्लाने पाहताक्षणी उकडलेल्या कोंबडीचा वा गाजराचा बारीक तुकडा द्यावा. चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, कांदा हे पदार्थ कुत्र्यांना अपायकारक असल्याने बक्षीस म्हणूनही देऊ नयेत. एका वेळी पाच-सहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा एवढा सराव पुरे. खोलीत जमले की अंगणात, मग साखळी लावून वर्दळीच्या जागी. नावाचा अर्थ ‘माझ्याकडे बघ’ इतकाच ठेवावा; बोलावण्यासाठी ‘ये’ स्वतंत्रपणे शिकवावे. पाच वेळा ओरडून पाहिले, तर पहिल्या चार हाका न ऐकण्याचेच शिक्षण होते.

रागाच्या भरात नाव घेण्याची सवय याहून घातक. चप्पल कुरतडली, सतरंजी ओली केली, की आपण नाव घेऊन खेकसतो. त्याच नावाने अंघोळीला आणि इंजेक्शनलाही बोलावतो. काही दिवसांत नाव ऐकताच कुत्रा पलंगाखाली शिरतो, आणि घरचे म्हणतात, तो हट्टी आहे. रागावायचे असेल, तर ‘नको’ हा शब्द आहेच. औषध पाजायचे असेल, तर आपण उठून त्याच्यापाशी जावे.

मोठे कुत्रे दत्तक घेतले असेल आणि जुने नाव आवडत नसेल, तर बदलण्यास हरकत नाही. आधीच्या घरी त्या नावाने मार बसला असल्यास बदलणेच बरे. नव्या नावाची सुरुवात मग वर सांगितलेल्या सरावाने करावी. जुने नाव त्याला प्रिय असेल, तर काही दिवस नवे नाव आधी आणि जुने लगेच नंतर, असे जोडून उच्चारावे, आणि जुने हळूहळू गाळावे. रेबीजच्या लशीची नोंद असलेल्या पत्रिकेवर आणि महापालिकेच्या परवान्यावर नव्या नावाची नोंद तेवढी करून घ्यावी.