रक्तस्राव थांबला म्हणजे गर्भपात पूर्ण झाला असे नव्हे



गोळ्यांनी गर्भपात केल्यावर रक्तस्राव थांबला की पुन्हा दवाखान्याची पायरी चढण्याचे कारण उरत नाही, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे विधान निम्मेच खरे आहे. मिफेप्रिस्टोन हे औषध गर्भधारणा टिकवणाऱ्या संप्रेरकाचे कार्य रोखते व नंतरच्या मिसोप्रोस्टॉलने गर्भाशय आकुंचन पावते. परंतु गर्भ बीजवाहिनीत रुजलेला असल्यास, म्हणजेच अस्थानिक गर्भधारणेत, या गोळ्यांची मात्रा चालत नाही आणि रक्तस्राव होऊनही जिवाचा धोका तसाच राहतो. पंधराव्या दिवसाची तपासणी ठेवली जाते ती यासाठीच. लघवीच्या चाचणीवर लगेच विसंबणेही फसवे, कारण गर्भपात पूर्ण झाल्यावरही ती काही आठवडे होकारार्थी येऊ शकते. थोडे थोडे रक्त दोन आठवडे जाणे स्वाभाविक असले, तरी सलग दोन तास दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजणे, दुसऱ्या दिवशीही ताप न उतरणे किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, यांपैकी काहीही आढळल्यास पंधराव्या दिवसाची वाट पाहू नये. चिठ्ठीविना गोळ्या आणलेल्या स्त्रिया (आणि त्या थोड्या नाहीत) बोभाट्याच्या भीतीने तेव्हाही घरीच थांबतात. वास्तविक गर्भपातविषयक कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव, कायद्याने अधिकार दिलेली व्यक्ती वगळता, उघड करणे हा डॉक्टरसाठी शिक्षापात्र गुन्हा आहे.

— एक वाचक