फसलेले विमान आणि आपले एकशब्दी निकाल

डहाणू-तलासरीच्या विद्यार्थ्याला १९४५ म्हटले की वारल्यांचा उठाव आठवतो: झरीची सभा, तलवाड्याचा गोळीबार, जेठ्या गांगड. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकामुळे आमच्या भागाचे ते वर्ष मराठीत टिकून राहिले. त्याच वर्षी संपलेल्या महायुद्धात भारतीय वैमानिकही लढले, हे सांगितल्यावर वर्गात एकाने विचारले, “कोणत्या विमानांतून?” उत्तरादाखल हाती द्यावे असे एकही मराठी ललित पुस्तक मला आठवेना. आपल्या लेखनात विमान एकतर ‘अजिंक्य’ असते, नाहीतर ‘अपयशी’. माझा आक्षेप या दुसऱ्या शब्दाला आहे.

अमेरिकी नौदलाचे हेलडायव्हर पाहा. उंचावरून सूर मारून बॉम्ब टाकणारे हे विमान. विमानवाहू नौकेच्या लिफ्टवर अशी दोन विमाने एका वेळी मावावीत, ही अट होती. म्हणून धड आखूड ठेवले गेले आणि विमान हवेत स्थिर राहीना. १८ डिसेंबर १९४० रोजी उडालेला पहिला नमुना दोन महिन्यांत कोसळला. दुरुस्त होऊन उडाला, तो डिसेंबर १९४१ मध्ये सूर मारण्याच्या चाचणीत मोडला. पुढे शेकडो बदल झाले, विलंबाबद्दल ट्रुमन समितीने १९४३ मध्ये ताशेरे ओढले, वैमानिक त्याला ‘बीस्ट’ म्हणू लागले. ब्रिटिश नौदलाने २६ विमाने घेतली, पण लढाईत एकही उतरवले नाही. २० जून १९४४ च्या संध्याकाळी फिलिपीन समुद्रावरच्या मोहिमेतून परतताना इंधन संपून वा उतरताना चाळीसहून अधिक हेलडायव्हर गेली. आणि तरीही ‘मुसाशी’ व ‘यामातो’ या जपानच्या महाकाय युद्धनौका बुडवण्यात याच विमानाचा वाटा होता. दोष विमानाचा, की लिफ्टच्या मापाचा?

आपल्याशी संबंध येतो तो त्याच्या जमिनीवरच्या भावंडाचा. व्हल्टी व्हेन्जन्स हे विमान मुळात १९४० मध्ये फ्रान्सने मागवलेले. फ्रान्स पडल्यावर ते ब्रिटनने घेतले. अमेरिकेने ते स्वतः कधीच लढाईत वापरले नाही. ऑस्ट्रेलियाने न्यू गिनीतून मार्च १९४४ मध्ये मागे घेतले. इंजिन तेल पीत असे. नाक वर करून उडण्याच्या त्याच्या ढबीमुळे वैमानिकाला समोरचे नीट दिसत नसे. परंतु ती ढब कशामुळे होती? पंख शून्य अंशात बसवलेले होते. सरळ उड्डाणात हे गैरसोयीचे, पण जवळजवळ उभा सूर मारताना विमान रेघेसारखे खाली जाई. पुढच्या आवृत्तीत पंखांना चार अंशांचा कोन दिला. उड्डाण सुधारले, नेम बिघडला!

भारतीय हवाई दलाच्या सातव्या व आठव्या स्क्वाड्रनना मिळाली ती मुख्यतः जुन्या घडणीची विमाने. आठवी स्क्वाड्रन १९४३ च्या डिसेंबरपासून आराकानवर, तर सातवी, ऑस्ट्रेलियाने हात झटकले त्याच सुमारास, इंफाळच्या लढाईत उतरली. जंगलात दडलेली लहान ठाणी, पूल, रस्ते अशा लक्ष्यांवर, आणि जपानी लढाऊ विमानांचा उपद्रव कमी असताना, तेच ‘टाकाऊ’ विमान अचूक ठरले. १९४४ च्या मध्यानंतर तेही गेले. आठवीकडे स्पिटफायर आली, सातवीकडे हरिकेन.

एकच वस्तू खरेदीच्या कागदात एक असते, न्यू गिनीत दुसरी आणि आराकानात तिसरी. ‘कशासाठी घडवले, कुठे वापरले?’ हे विचारण्याआधीच आपण निकाल देतो. (मर्ढेकरांना ‘दुर्बोध’ म्हणून मोकळी होणारी परीक्षा-मार्गदर्शके आठवावीत.) विश्राम बेडेकरांनी १९३९ सालीच ‘रणांगण’मध्ये युद्धाच्या उंबरठ्यावरचे जहाज कादंबरीत आणले. व्हेन्जन्सच्या मागच्या आसनावर, वैमानिकाकडे पाठ करून, मशीनगन धरून बसलेला माणूस मात्र मराठी कादंबरीत माझ्या तरी वाचनात आलेला नाही. सूर सुरू झाला की त्याला जमीन दिसत नसे, फक्त दूर जाणारे आकाश दिसे.